वळणावरचा आवाज

रविवार, १२ जानेवारी

आजपासून डायरी लिहायची ठरवली, कारण या घरात माझं ऐकून घेणारं कोणी उरलेलं नाही. डायरी फुकटची आहे. चष्म्याच्या काचा बनवणारी एक कंपनी दरवर्षी दुकानात देऊन जाते. मी वापरली नसती तर नातीनं हिच्यात मांजरं काढली असती.

आज बाबांची गाडी आईच्या शेडमधून निघाली. बाबा जाऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून ती ताडपत्रीखाली पडून होती. चारही टायर बसलेले, आत उंदरांचा संसार. दोरखंड बांधून ओढत नेताना अख्खी गल्ली बघायला आली, आई सोडून. ती खिडकीतूनच म्हणाली, "नेतोयस ना? मग ने. परत आणू नकोस."

"आई, भंगारात नाही नेत. दुरुस्तीला नेतोय!"

तिनं खिडकी लावून घेतली. म्हातारपणी माणसाच्या मनातला ओलावा आटतो म्हणतात, ते खोटं नाही.

बेत असा आहे. मार्चमध्ये आईला ऐंशी पूर्ण होतात. त्या दिवशी बाबांची गाडी, बाबांच्याच आवाजात, तिच्या दारात उभी करायची. आवाज महत्त्वाचा. रंग काय, कोणीही मारून देतो. गल्लीच्या वळणावर तो आवाज आला की आम्हाला कळायचं, बाबा आले. तो एकदा पुन्हा ऐकला की मी मरायला मोकळा. बायकोला हे सांगितलं तर म्हणाली, "मरायच्या आधी तेवढा गॅलरीतला गळका पाइप बघा."

सोमवार, २० जानेवारी

मेकॅनिकचं नाव मी उद्याशेठ ठेवलं आहे. गाडी कधी बघता? उद्या. सामान कधी येईल? उद्या. आठ दिवस त्याच्या टपरीवजा गॅरेजमध्ये चकरा मारल्या, तेव्हा कुठे आज साहेबांनी बॉनेट उघडलं.

इंजिन ठणठणीत आहे म्हणे. सायलेन्सर मात्र गंजून चाळण झालाय. त्यानं मला न विचारता नवा बसवून टाकला आणि छाती फुगवून म्हणाला, "ऐका."

मी ऐकलं. शिवणाचं मशीन चालल्यासारखा आवाज. बाबांच्या गाडीचा!

"साहेब, एवढी शांत गाडी अख्ख्या शहरात मिळणार नाही."

"मला शांत नकोय हो!"

"मग काय अशांत पाहिजे?" त्यानं विचारलं. असल्या माणसांशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

बुधवार, २९ जानेवारी

गॅरेजच्या मागे जुन्या सायलेन्सरांचा ढीग आहे. उद्याशेठ एक एक काढतो, जोडतो, इंजिन चालू करतो आणि विचारतो, "हा बरा की मघाचा बरा?"

मी तीस वर्षं लोकांच्या नाकावर भिंगं चढवून हेच विचारत आलोय. आता बरं दिसतंय की आधी बरं दिसत होतं? "दोन्ही सारखंच," असं म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाची मला भयंकर चीड येते. आज माझ्या तोंडून तेच निघालं. उद्याशेठनं पाना खाली ठेवला आणि चहाला निघून गेला.

खरी अडचण अशी की तो आवाज माझ्या डोक्यात आहे, पण तोंडानं काढता येत नाही. काढून दाखवला तर त्याची दोन माणसं हसू दाबत गाडीमागे लपली.

रविवार, २ फेब्रुवारी

आज गाडी रस्त्यावर आणली. क्लच दाबायला पैलवानाचा पाय हवा. चोक ओढला की इंजिन खोकतं, सोडला की मरतं. चौकात सिग्नल हिरवा झाला आणि गाडीनं जीव टाकला. मागे भोंग्यांचा नुसता कल्लोळ. शेजारच्या स्कूटरवाल्यानं काच वाजवून सल्ला दिला, "काका, पेट्रोल घालून बघा." उंटावरच्या शहाण्यांना रस्त्यात तोटा नाही.

पण मोकळ्या रस्त्याला लागलो आणि बाबा आठवले. रविवारी ते मला एकट्यालाच फिरायला न्यायचे. मांडीवर बसवून स्टिअरिंग धरू द्यायचे. शिट्टीवर गाणी वाजवायचे. गाडीत बाबा वेगळेच असायचे. घरात त्यांना शिट्टी वाजवताना मी कधी ऐकलं नाही. कामाचा ताण असणार.

घरी आल्यावर ताईला फोन केला. म्हटलं, तू माझ्याहून सात वर्षांनी मोठी, तुला तो आवाज नीट आठवत असेल.

"मला काही आठवत नाही."

"अगं, मला आठवतो आणि तुला नाही? तेव्हा मी चार वर्षांचा होतो!"

"तुला कसा आठवेल? तुझे कान तर..." ती मध्येच थांबली.

"माझे कान तर काय?"

"काही नाही. ठेवते, दूध उतू जातंय."

ताईच्या घरी दूध नेमकं माझा फोन आला की उतू जातं. गाडी मला मिळाली याचा राग आहे, दुसरं काय? तोंडानं सांगितलं असतं तर अर्धी दिली असती.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

ताई नाही तर आईचा शेजार. आईच्या घरासमोर निवृत्त पोस्टमास्तर राहतात, त्यांच्याकडे गेलो. माणूस नव्वदीचा, पण स्मरणशक्ती खणखणीत.

"आवाज ना? आठवतो की. तुमची गाडी वळणावर आली रे आली की तुमच्या घरातला रेडिओ बंद व्हायचा. आमची ही म्हणायची, आले वाटतं. मग आम्ही आमची खिडकी लावून घ्यायचो."

"खिडकी का?"

पोस्टमास्तरांनी वर्तमानपत्र हाताशी ओढलं. "धूर यायचा हो," असं म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडून बसले.

केवढा दरारा! माणूस अजून वळणावर आहे आणि घर शिस्तीत. इथे मी दार उघडून आत येतो, खोकतो, किल्ल्या आपटतो, तरी मोबाइलमधून कोणी मान वर करत नाही. नात तेवढी पळत येते, तीही खाऊसाठी.

आवाजाबद्दल मात्र पोस्टमास्तरांनी काडीची माहिती दिली नाही.

रविवार, २३ फेब्रुवारी

शेवटी आईलाच गाठलं. तिच्याकडे गेलं की पहिल्यांदा रेडिओ बारीक करावा लागतो. सकाळपासून रात्रीपर्यंत चालू. बाबा गेल्यावर तिनं पहिली खरेदी केली ती या रेडिओची. एवढ्या मोठ्यानं की कुलूप लावायची गरज नाही, चोर आपण होऊन परत जाईल.

आई भांडी पुसत होती. मी म्हटलं, "आई, एवढंच सांग. आवाज खोल होता की फुटका?"

"कशाला पाहिजे तुला?"

"असंच. आठवण म्हणून."

तिनं पुसलेलं ताट फळीवर ठेवलं. मग माझ्याकडे पाठ ठेवूनच म्हणाली, "एक नव्हता. दोन होते. वळणावर गाडी सावकाश, एका दमात आली की एक. आणि वळणावर थांबवून दोनदा रेस केली, मग पाय काढला, की मागून फट्, फट्, फट् फुटायचा. तो दुसरा."

मी थक्क झालो. उद्याशेठला महिनाभरात जमलं नाही ते हिनं पाच वाक्यांत सांगितलं. आईला गाडीत एवढा रस होता हे मला माहीतच नव्हतं.

"आणि दुसरा आला की?"

"हातातलं काम टाकून उठायचं," आई म्हणाली.

याला म्हणतात संसार. नवरा वळणावर आणि ही कामं टाकून दारात. माझी बायको माझ्यासाठी टीव्हीसमोरून उठत नाही.

तो फट् फट् मलाही आठवला, पण सुरुवातीचाच. कारण तो झाला की ताई मला कडेवर उचलून गच्चीवर पळायची. आमचा खेळ असायचा. ती माझे कान घट्ट दाबून धरायची आणि मी मोठमोठ्यानं आकडे मोजायचे. ताई कान सोडेपर्यंत थांबायचं नाही. शाळेत जायच्या आधी मला हजारापर्यंत मोजता यायचं ते त्यामुळेच. बाई आईला म्हणाल्या होत्या, मुलगा फार हुशार आहे.

"मग यातला कोणता करतोयस?" आईनं विचारलं.

"दुसरा, अर्थात! पहिला काय, कुठलीही गाडी काढते."

आईनं पुसलेलंच पातेलं पुन्हा पुसायला घेतलं. वय झालंय.

शनिवार, १ मार्च

जमला! आवाज जमला!

आईचं वर्णन ऐकून उद्याशेठ कपाळाला हात लावून म्हणाला, "साहेब, हा आवाज नाही, बिघाड आहे. इंजिनातून पाइप जिथे निघतो तिथलं गॅस्केट फुटलं की बाहेरची हवा आत शिरते आणि पाय काढल्यावर धूर पाइपात फुटतो. तुमच्या वडिलांनी कधी दुरुस्त केलं नाही वाटतं."

"बिघाड कसला? रुबाब म्हणा!"

"बरं, रुबाब. म्हणजे चांगली गाडी मी मुद्दाम बिघडवायची."

तसंच केलं त्यानं. सायलेन्सरच्या आतले पडदे कापले, जोडावर बारीक फट ठेवली, कार्बोरेटरचा स्क्रू पाव आटा इकडे, पाव आटा तिकडे. दहाव्या का बाराव्या खेपेला मी दोनदा रेस केली, पाय काढला आणि मागून फट्, फट्, फट्. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. उद्याशेठला सांगितलं, धुरामुळे.

संध्याकाळी खालच्या मजल्यावरचे वकील आले. कुत्रं पलंगाखाली जाऊन बसलंय, बाहेर येत नाही म्हणाले. कुत्र्याचा दोष.

शनिवार, ८ मार्च

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मी रोज संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या वळणावर रेस करायचा सराव करतोय. सोपं नाही ते, पाय नेमक्या क्षणी काढावा लागतो. वकिलांनी सोसायटीकडे तक्रार केली. आज जिन्यात त्यांना चार शब्द सुनावले, घरात आलो आणि दार आपटलं. तेही वाऱ्यानं.

बायको म्हणाली, "आईंना विचारलंत का, त्यांना हवंय का हे?"

"सरप्राइज विचारून देतात का?"

"तुम्ही ती गाडी चालवून आलात की तुमचं बोलणं बदलतं. पूर्वी असे नव्हतात."

मग माझाही आवाज चढला. राबतो मी, धूर खातो मी, आणि बोलणी पण मीच खायची? टेबलावर हात आपटला तर पेला पडला, फुटला. एवढीशी गोष्ट. नात आजीच्या मागे जाऊन उभी राहिली आणि मी बोलावलं तरी आली नाही. खाऊ दाखवला तरी नाही. हल्लीची मुलं फार नाजूक.

रविवार, १६ मार्च

काय लिहायचं कळत नाही. झालं तसं लिहितो.

बायको आणि नात सकाळीच आईकडे गेल्या. ताई कालपासून तिथे होती. मी मागाहून गाडी काढली. गाडी शहाण्यासारखी वागली, एकदाही बंद पडली नाही. वळणावर थांबलो. तिथून आईची खिडकी दिसते. रेडिओ मोठ्यानं चालू होता आणि आत सगळ्या हसत होत्या. आईचं हसणं वेगळं ऐकू येत होतं. मी दोनदा रेस केली. पाय काढला. फट्, फट्, फट्. इतका हुबेहूब की माझ्याच अंगावर काटा आला.

रेडिओ बंद झाला.

मला वाटलं, ओळखलं! आता सगळ्या दारात येणार. दारात कोणी आलं नाही. समोर पोस्टमास्तरांची खिडकी तेवढी लागली.

गाडी लावून आत गेलो. टेबलावर केक, त्यात सुरी अर्धी रुतलेली. बायको स्वयंपाकघराच्या दारात बावरून उभी. आई भिंतीपाशी उभी होती, हातात पाण्याचा ग्लास घेऊन. तिनं माझ्याकडे पाहिलं, पण तोंडाकडे नाही. हातांकडे पाहिलं.

"आई, मी आहे," मी म्हटलं.

"हो रे. तूच आहेस," ती म्हणाली आणि ग्लास माझ्यापुढे धरला. "पाणी घे."

मी ग्लास घेतला. ताई आणि नात कुठे आहेत, म्हणून विचारलं.

"आत्ता इथेच होत्या," बायको म्हणाली. "आवाज झाला तशा ताई तिला उचलून वर पळाल्या. काय झालं हो त्यांना?"

मी गच्चीवर गेलो. ताई पाण्याच्या टाकीच्या आडोशाला बसली होती. साठीची बाई, गुडघ्यांमुळे एक जिना चढताना दहा वेळा थांबणारी. नात तिच्या मांडीवर. ताईचे दोन्ही तळवे नातीच्या कानांवर घट्ट. आणि नात खुशीत, मोठमोठ्यानं मोजत होती, "सतरा, अठरा, एकोणीस, वीस..." ताईचे ओठही हलत होते.

तिनं मला पाहिलं. हात काढले नाहीत. मला वाटतं, तिला ते काढता येत नव्हते.

मी वरच्या पायरीवर बसलो. खाली इंजिन टिकटिक करत थंड होत होतं. नात म्हणाली, "आजोबा, आत्याआजीला मस्त खेळ येतो."

गुरुवार, २० मार्च

चार दिवस दुकानात लक्ष नाही. एका बाईंना डाव्या डोळ्याचा नंबर उजव्याला दिला.

आज ताईला फोन केला. आज दूध उतू गेलं नाही. ती बोलत होती, मी ऐकत होतो. ते सगळं इथे लिहिणार नाही.

शेवटी मी ओरडलोच. "इतकी वर्षं मला कोणी सांगितलं का नाही? मी काय कुक्कुलं बाळ होतो?"

"होतासच की," ताई म्हणाली. "आणि तुला रविवारचे बाबा मिळाले होते. आई म्हणायची, एकाला तरी मिळालेत ना, मग राहू दे त्याच्यापाशी."

मला राग आलाय. बाबांचा आलाय, आणि त्यांचा राग करायची मला सवय नाही. म्हणून ताईचा येतो, आईचा येतो, आणि सगळ्यात जास्त माझा. हजारापर्यंत मोजलं मी. हजारापर्यंत मोजायला किती वेळ लागतो, हे मी एकदाही मनात आणलं नाही.

सोमवार, २४ मार्च

उद्याशेठकडे गेलो. म्हटलं, आवाज बंद करा.

"म्हणजे?"

"म्हणजे नवं गॅस्केट घाला, फट बुजवा, पडद्यांचा नवा सायलेन्सर लावा. शिवणाच्या मशीनचा आवाज आला होता ना पहिल्या दिवशी? त्याच्याहूनही कमी."

तो गाडीखालून बाहेर आला. मग पाना जमिनीवर फेकून म्हणाला, "साहेब, दोन महिने माझं डोकं खाल्लंत! धडधाकट गाडी माझ्या हातानं बिघडवून घेतलीत. आता म्हणता, आवाज नको. तुमचं तुम्हाला तरी कळतंय का, काय पाहिजे ते?"

त्याचं बरोबर आहे. "कधी कराल?" मी विचारलं.

"उद्या."

रविवार, ६ एप्रिल

उद्याशेठचा उद्या काल उगवला.

आज सकाळी नातीला विचारलं, गाडीतून येतेस का पणजीकडे? तिनं आधी आजीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "भांडायचं नाही." मी कबूल केलं. अजून पूर्ण विश्वास नाही तिचा. मागच्या सीटवर बसली.

वळणावर थांबलो नाही. दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश, एका दमात वळलो. स्वतःच्या गाडीचा आवाज मलाच कान देऊन ऐकावा लागत होता. पोस्टमास्तर खिडकीत वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

दार उघडंच होतं. आई खिडकीकडे पाठ करून कपड्यांच्या घड्या घालत होती, आणि रेडिओबरोबर गात होती. पोरीसारखी, मान हलवत, शब्द विसरले तिथे नुसती गुणगुणत. आई गाते हे मला माहीत नव्हतं. मी नातीच्या तोंडावर बोट ठेवलं आणि आम्ही दोघं उंबऱ्यात उभे राहिलो. गाणं संपेपर्यंत.

मग ती वळली. "अगं बाई! तुम्ही कधी आलात? कळलंच नाही मला."

"गाडीनं आलो," मी म्हटलं. "त्याच."

तिनं खिडकीतून बाहेर पाहिलं. मी म्हटलं, "आई, विकून टाकू का?"

"कशाला? पोरीला रविवारी फिरवायला होईल." मग ती रेडिओपाशी गेली. मला वाटलं, आता बंद करणार. तिनं बटण फिरवलं आणि आवाज थोडा वाढवला.

"बसा," ती म्हणाली. "चहा टाकते."